प्रोस्टेट वाढलंय असं कळल्यावर: आधी वही, मग गोळी, मग ऑपरेशनचा विचार

आमच्या इंदुरात ओटल्यावर गुडघे, शुगर, बीपी, मोतीबिंदू सगळ्यांवर मोकळेपणानं चर्चा होते. कुणाची शुगर किती आली हे पोह्यांची प्लेट संपायच्या आत साऱ्यांना कळलेलं असतं. लघवीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. मग साठी ओलांडलेला माणूस रात्री चार-चारदा उठतो, ‘वय झालं’ म्हणून गप्प बसतो आणि एक दिवस सोनोग्राफीच्या कागदावर ‘प्रोस्टेट वाढलेले’ असं वाचून थेट कॅन्सरपर्यंत जाऊन पोचतो.

मी या रस्त्यानं गेलोय. काही वर्षं गोळ्या, नंतर दुर्बिणीतून ऑपरेशन. मी डॉक्टर नाही. कुठली गोळी आणि किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवणार. पण त्यांच्यासमोर बसायच्या आधी काय तयारी करायची, कुठला कागद मागून घ्यायचा आणि कुठे फसायला होतं, हे सांगायला रुग्ण जास्त उपयोगी पडतो असं माझं मत आहे. घरातल्या मुला-सुनांनीही हे वाचावं, कारण रात्री दोन वाजता गाडी काढायची वेळ त्यांच्यावरच येते.

१. आधी हे नेमकं आहे काय

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, खालच्या बाजूला असलेली ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधोमध जाते. तरुणपणी तिचं वजन २० ग्रॅमच्या आसपास असतं. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढते. साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीपर्यंत बहुतेकांत ती वाढलेली असते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नाही आणि तिचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही. मात्र एकाच माणसात दोन्ही असू शकतात, म्हणून एकदा तपासून घ्यायचं.

नळी दाबली गेली की मूत्राशयाला जास्त जोर लावावा लागतो. नर्मदेच्या नळाला प्रेशर नसलं की आपण मोटर लावतो, तसंच हे. मोटर रोज अशी ताणून चालवली तर एक दिवस जळते. मूत्राशयही आधी जाड होतं, चिडचिडं होतं (म्हणून मग ‘लागली की लगेच पळा’ हा प्रकार), आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर त्याची ताकदच जाते. मग ऑपरेशन करूनही पूर्वीसारखी धार येत नाही. म्हणून ‘बघू पुढच्या दिवाळीत’ हे धोरण इथे चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ग्रंथी किती मोठी आहे यावर त्रास किती, हे ठरत नाही. ८० ग्रॅमवाला माणूस रात्री एकदा उठून निवांत झोपतो आणि ३५ ग्रॅमवाल्याची लघवी तुंबते, कारण वाढ नळीच्या दिशेनं झाली की बाहेरच्या दिशेनं, यावर बरंच अवलंबून असतं. सोनोग्राफीत ‘ग्रेड टू’ लिहिलं म्हणून ऑपरेशन ठरत नाही आणि ‘ग्रेड वन’ लिहिलं म्हणून सुटकाही होत नाही. ओटल्यावर एकमेकांचे ग्रॅम ताडून बघण्यात काही अर्थ नाही.

२. तीन दिवसांची वही

डॉक्टर विचारतात, ‘रात्री कितीदा उठता?’ आपण म्हणतो, ‘चार-पाचदा.’ शेजारी बसलेली बायको म्हणते, ‘कुठलं, सात-आठदा!’ या भांडणावरून गोळी लिहून घेण्यापेक्षा वही न्या.

लागतं काय? प्लॅस्टिकचा एक मापाचा जग, ज्यावर मिलीलिटरच्या खुणा आहेत. स्वयंपाकघरातला आणू नका, वेगळा घ्या, नाहीतर घरात वेगळंच महाभारत. शिवाय एक वही आणि घड्याळ. सलग तीन दिवस, चोवीस तास, प्रत्येक वेळची लघवी मोजायची आणि लिहायची: वेळ, किती मिली, घाई झाली का, कपड्यात गळली का. दुसऱ्या रकान्यात काय प्यायलं आणि किती: पाणी, चहा, ताक, वरण, सगळं. झोपायला कधी गेलात आणि सकाळी कधी उठलात तेही लिहा. घराबाहेर पडावं लागणार नाही असे दिवस निवडा.

मग चौथ्या दिवशी बेरीज करा. रात्रीची लघवी म्हणजे झोपल्यानंतर उठून केलेली सगळी, अधिक सकाळी उठल्या-उठल्या केलेली पहिली. समजा चोवीस तासांत १,८०० मिली झाली आणि त्यातली ८०० रात्रीची आहे. उतारवयात रात्रीचा वाटा एकूण लघवीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त गेला तर शरीर रात्रीच जास्त लघवी तयार करतंय, आणि त्याचं कारण बरेचदा प्रोस्टेट नसतंच. पायांवर सूज असेल तर दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मग बाहेर पडतं. हृदय, किडनी, मोठ्यानं घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, संध्याकाळी घेतलेली बीपीची ‘पाण्याची गोळी’ (लघवी वाढवणारी), उशिराचं जेवण आणि त्यावर तांब्याभर पाणी, अशी बरीच कारणं असतात. अशा माणसाला प्रोस्टेटच्या कितीही गोळ्या दिल्या तरी तो उठतच राहणार.

उलट, वहीत प्रत्येक वेळी जेमतेम ८०-१०० मिली दिसत असेल, दिवसाही आणि रात्रीही, तर मूत्राशय नीट रिकामं होत नाहीये किंवा नीट भरतच नाहीये. आणि चोवीस तासांची बेरीज अडीच-तीन लिटरच्या वर जात असेल तर आधी शुगर बघा. तुम्ही किती पाणी पिताय तेही बघा. ‘सकाळी उठून दोन लिटर पाणी’ हे मोबाइलवरचं ज्ञान पाळणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी तपासणी ही आहे, आणि कुठल्याही लॅबच्या पॅकेजमध्ये ती नसते.

३. सात प्रश्नांचा हिशेब

जगभर युरॉलॉजिस्ट (लघवीच्या विकारांचे तज्ज्ञ) सात प्रश्नांचा एक तक्ता वापरतात. गेल्या महिन्याभराचा विचार करून प्रत्येकाला ० ते ५ गुण द्यायचे: कधीच नाही तर ०, जवळपास दरवेळी तर ५.

– लघवी झाल्यावरही पूर्ण मोकळं झाल्यासारखं वाटत नाही
– दोन तासांच्या आत परत जावं लागतं
– धार मधेच थांबते, परत सुरू होते
– लागली की धरवत नाही
– धार बारीक आहे
– सुरू करायला कुंथावं लागतं
– रात्री झोपेतून कितीदा उठावं लागतं (इथे जितक्या वेळा तितके गुण, पाच किंवा जास्त असेल तर ५)

एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून पुढे तीव्र. याशिवाय एक आठवा प्रश्न असतो: उरलेलं आयुष्य लघवीची हीच अवस्था राहिली तर कसं वाटेल? याला वेगळे गुण असतात, आणि उपचार करायचे की नाहीत हे बऱ्याचदा यावरच ठरतं. सौम्य त्रास असेल आणि तुम्हाला त्याचं फारसं वाटत नसेल तर औषध न घेता दर वर्षी तपासत राहणं हाही एक रीतसर पर्याय आहे. तो डॉक्टरांच्या तोंडून आला तर ‘त्यांना काही कळत नाही’ असं म्हणून दुसरीकडे जाऊ नका.

हे सात गुण तारखेसह वहीत लिहा. गोळी सुरू झाल्यावर सहा आठवड्यांनी परत लिहा. गोळीनं फरक पडला का, याचं उत्तर मग आठवणीवर सोडावं लागत नाही.

४. कुठे जायचं आणि पिशवीत काय न्यायचं

सुरुवात घरच्या डॉक्टरांपासून करा. बीपी, शुगर, चालू गोळ्या त्यांना माहीत असतात. पुढे युरॉलॉजिस्ट. इंदुरात त्यांची वानवा नाही. पलासिया, गीता भवन, ए. बी. रोड या पट्ट्यात खासगी हॉस्पिटलं भरपूर आहेत. सरकारी हवं तर एम. वाय. हॉस्पिटल आणि एमजीएम मेडिकल कॉलेजशी जोडलेलं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल. तिथे पर्चीची रांग धरून जायचं तर सकाळी लवकर, पोटात काहीतरी घालून, आणि बरोबर कुणीतरी घेऊन. रांगेत दोन जण असले की एकाला मधे जाऊन येता येतं. आपल्या दुखण्यात ही सोय लागतेच.

पिशवीत हे असू द्या:

– आधार कार्ड, आणि आधारशी जोडलेला मोबाइल (ओटीपी त्याच्यावर येतो, मोबाइल मुलाच्या खिशात पुण्याला असेल तर पंचाईत)
– समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक)
– आयुष्मान कार्ड किंवा मेडिक्लेमची पॉलिसी
– चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या: बीपी, शुगर, रक्त पातळ करण्याच्या, झोपेच्या, काढे आणि चूर्णंसुद्धा
– जुने रिपोर्ट, तारखेच्या क्रमानं
– वही

५. तपासण्या आणि त्यांतले सापळे

नेहमीच्या तपासण्या अशा: लघवीची साधी तपासणी आणि गरज वाटली तर कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघणं), रक्तात क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) आणि शुगर, पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं एक प्रथिन), पोटाची सोनोग्राफी, लघवीच्या धारेची तपासणी म्हणजे युरोफ्लोमेट्री. आणि डॉक्टरांनी गुदद्वारातून बोट घालून केलेली तपासणी. या शेवटच्या तपासणीसाठी माणसं शहर सोडून पळतात. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ग्रंथी मऊ आहे की कुठे कडक गाठ लागते, हे बोटाला कळतं. ‘सोनोग्राफी केलीय ना, मग कशाला’ असं म्हणून टाळू नका.

पीएसए. हा रक्तातला आकडा सर्वसाधारणपणे ४ पर्यंत ठीक मानतात, वयाप्रमाणे थोडं मागेपुढे. वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. नुसत्या वाढलेल्या ग्रंथीनं, लघवीच्या इन्फेक्शननं, लघवीसाठी नळी (कॅथेटर) टाकल्यानंही तो चढतो. म्हणून इन्फेक्शन किंवा नळीनंतर साधारण सहा आठवडे थांबून तपासावा, आणि आदल्या दोन दिवसांत वीर्यपतन टाळावं. दुसरा सापळा: फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही ग्रंथी आक्रसवणारी गोळी सहा महिने चालू असेल तर पीएसए जवळजवळ निम्मा दिसतो. रिपोर्टात ३ आलं म्हणून पेढे वाटू नका. डॉक्टर ते ६ धरून विचार करतील. ही गोळी चालू आहे हे त्यांना सांगा, लॅबवाला विचारणार नाही.

सोनोग्राफीत ग्रॅमपेक्षा दोन गोष्टी बघा: किडन्यांवर सूज आहे का, आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली. ५० मिलीच्या आत असेल तर चिंता नाही. दीडशेच्या वर गेलं की लक्ष ठेवावं लागतं, ३०० च्या वर सतत राहत असेल तर प्रकरण गंभीर. पण इथे एक गंमत होते. सेंटरवर बाटलीभर पाणी पाजून तासन्‌तास बसवतात. मूत्राशय फुटायला येतं, इतकं ताणलेलं मूत्राशय नीट रिकामं होत नाही, आणि उरलेली लघवी खरीपेक्षा जास्त दिसते. आकडा मोठा आला तर, ‘परत एकदा जाऊन येतो, मग मोजा,’ असं नम्रपणे सांगा. सांगितलं तर बहुतेक ठिकाणी ऐकतात.

युरोफ्लोमेट्रीत एका यंत्राच्या भांड्यात एकट्यानं लघवी करायची असते. कमीत कमी १५० मिली झाली तरच तो आलेख विश्वासाचा. सेकंदाला १५ मिलीच्या वर वेग चांगला, १० च्या खाली म्हणजे अडथळा असण्याची शक्यता बरीच, किंवा मूत्राशयच थकलंय. लागली असतानाच आत जा, आधीही नको आणि जीव जाईपर्यंत थांबूनही नको.

६. गोळ्या

दोन मुख्य जाती. पहिली नळीभोवतीचे स्नायू सैल करणारी: टॅम्सुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन. हिचा गुण काही दिवसांत दिसू लागतो. ग्रंथी मात्र हिनं लहान होत नाही. उठताना चक्कर येणं हा तिचा मोठा त्रास, विशेषतः बीपीच्या गोळ्या आधीच चालू असतील तर. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेवर बसा, पाय हलवा, मग उभे राहा. टॅम्सुलोसिन रोज एकाच जेवणानंतर, ठरलेल्या वेळी. वीर्य कमी येणं किंवा अजिबात न येणं हेही होतं, सिलोडोसिननं जास्त. त्यात धोका नाही, पण आधी माहीत नसेल तर माणूस हादरतो, आणि विचारणार कुणाला!

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर या गोळीबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. गोळी बंद केलेली असली तरी सांगा. हिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बुबुळ ढिलं पडतं. आधी माहीत असेल तर ते तयारीनं करतात. आपल्या वयाला दोन्ही एकदमच येतात म्हणून हे ठळक लिहितोय.

दुसरी जात ग्रंथी आक्रसवणारी: फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड. ग्रंथी खरोखर मोठी असेल तरच उपयोग. गुण यायला सहा महिने लागतात. महिन्याभरात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारे फार. कामेच्छा कमी होऊ शकते. घरात गर्भवती सून किंवा मुलगी असेल तर तुटलेली गोळी किंवा गळकी कॅप्सूल तिच्या हाताला लागू देऊ नका. कधी दोन्ही जाती एकत्र देतात. कमी डोसची टाडालाफिलही काहींना देतात. हृदयासाठी नायट्रेटची गोळी, जिभेखालची सॉर्बिट्रेट वगैरे, घेणाऱ्यांनी तिच्या वाटेला जायचं नाही, रक्तदाब धोकादायक खाली जातो.

यांपैकी बऱ्याच गोळ्या जेनेरिक मिळतात. जनऔषधी केंद्रात किंवा दवा बाजारात (इंदूरच्या औषधांच्या घाऊक बाजारात) भाव विचारा. वर्षानुवर्षं घ्यायच्या गोळीत फरक मोठा पडतो.

आता मोठा सापळा: सर्दीची गोळी. नाक मोकळं करणारी फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन आणि गुंगी आणणारी क्लोरफेनिरामिन, ही औषधं मूत्राशयाचं तोंड आवळतात किंवा त्याचा जोर काढून घेतात. थंडीत नाक गळतंय म्हणून मेडिकलवरून दोन गोळ्या आणायच्या आणि रात्री लघवी पूर्ण बंद, असं माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांचं झालंय. दुकानदाराला ‘प्रोस्टेट आहे’ असं आधी सांगा. लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. नैराश्य किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्यांचंही तसंच.

सॉ पाल्मेटोच्या महागड्या कॅप्सूल ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जातात. मोठ्या चाचण्यांत औषध नसलेल्या गोळीपेक्षा त्यांचा जास्त उपयोग दिसला नाही. काढे, भस्मं घ्यायचीच असतील तर क्रिएटिनिनवर लक्ष ठेवा आणि डॉक्टरांपासून लपवू नका.

७. घरात करायचे बदल

पाणी कमी करू नका, पाण्याची वेळ बदला. दिवसभरात दीड-दोन लिटर, उन्हाळ्यात जास्त. पण झोपायच्या आधीचे दोन-तीन तास घोटभरच. चहा-कॉफी दुपारनंतर आवरती घ्या, दारूचं तेच. सराफ्यात (रात्रीच्या खाऊबाजारात) जरूर जा, पण रात्री अकराला शिकंजीचा ग्लास रिचवून मग तीनदा उठलो म्हणून प्रोस्टेटच्या नावानं खडे फोडू नका.

लघवी बसून करा, घाई नको. झाल्यावर अर्धा मिनिट थांबा, परत एकदा प्रयत्न करा. कपड्यात शेवटचे थेंब पडत असतील तर अंडकोषांच्या मागून पुढे बोटानं हलकेच दाबत आणा, नळीत अडकलेलं निघून जातं. पोट साफ ठेवा. बद्धकोष्ठतेनं लघवीचा त्रास दुप्पट होतो, आणि नुसत्या शेव-पोह्यांवर पोट साफ होत नसतं.

पायांवर सूज येत असेल तर दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडा. ते पाणी रात्रीऐवजी संध्याकाळी निघतं. पाण्याची गोळी रात्री असेल तर तिची वेळ बदलता येईल का, डॉक्टरांना विचारा.

आणि पलंगापासून संडासापर्यंतचा रस्ता मोकळा करा. पायपुसणं घसरतं, ते काढा. रात्रीचा बारीक दिवा लावा. वय जास्त असेल तर पलंगाशी लघवीचं भांडं ठेवा. यात कमीपणा मानणाऱ्या आजोबांना एवढंच सांगा की खुब्याचं हाड मोडलं तर संडासात जायलाही दोन माणसं लागतात.

८. लघवी पूर्ण तुंबली तर

जोराची लागलीय, ओटीपोट फुगलंय, दुखतंय आणि थेंबही येत नाही: ही इमर्जन्सी. सकाळची वाट बघायची नाही. ‘अजून पाणी पी, जोर येईल’ हा सल्ला देणाऱ्याला खोलीबाहेर काढा. जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. तिथे नळी टाकतात आणि काही मिनिटांत जिवात जीव येतो.

मागून घ्या: एकदम किती मिली निघाली, नळीचा नंबर काय, कुठल्या तारखेला टाकली. हे कागदावर असलं पाहिजे. क्रिएटिनिन तपासायला सांगा. खूप लघवी साठलेली असेल तर पुढचे काही तास धो-धो लघवी होऊ शकते, म्हणून लगेच घरी पाठवत नाहीत. घाई करू नका.

नळी असताना पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर ठेवायची, पण जमिनीवर टेकवायची नाही. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. नळीला पीळ पडू देऊ नका, बाहेरचा भाग रोज साबण-पाण्यानं धुवा. मांडीला चिकटपट्टीनं बांधून ठेवा, ओढ बसत नाही. साधारणपणे स्नायू सैल करणारी गोळी सुरू करून दोन-तीन दिवसांनी नळी काढून बघतात. कित्येकांना स्वतःहून लघवी होते. झाली नाही म्हणून लगेच हताश व्हायचं कारण नाही.

ताबडतोब दाखवायची इतर लक्षणं: लघवीतून रक्त, थंडी वाजून ताप, आणि झोपेत नकळत अंथरूण ओलं होणं. शेवटच्या लक्षणाला घरात ‘म्हातारपण’ म्हणतात. खरं तर काठोकाठ भरलेलं मूत्राशय सांडत असू शकतं, वेदना नसतानाही, आणि तोवर किडन्यांवर दाब आलेला असतो.

९. ऑपरेशन: कधी, कुठलं, पैसे कसे

लघवी पुनःपुन्हा तुंबणं, पुनःपुन्हा इन्फेक्शन किंवा रक्त, मूत्राशयात खडे, किडनीवर परिणाम, किंवा गोळ्या घेऊनही जगणं अवघड होणं: ही कारणं. यांपैकी एकही नसताना कुणी ‘पॅकेज चालू आहे, करून टाका’ म्हणालं तर दुसऱ्या युरॉलॉजिस्टचं मत घ्या.

टीयूआरपी हे जुनं, भरवशाचं ऑपरेशन. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात, दुर्बीण नळीतून घालून आतून ग्रंथी खरवडतात, बाहेर टाका नाही. होलेप म्हणजे लेसरनं ग्रंथी आतून सोलून काढणं. फार मोठ्या ग्रंथीलाही चालतं. ‘लेसर’ हा शब्द जाहिरातीत चमकतो, पण विचारायचं ते वेगळं: माझ्या ग्रंथीच्या आकाराला कुठलं योग्य, तुम्ही स्वतः हे नेहमी करता का, नळी किती दिवस राहील, काढलेला तुकडा तपासायला जाणार ना? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे युरॉलॉजिस्ट आणि हृदयाचे डॉक्टर दोघांनी मिळून ठरवू दे. आपल्या मनानं बंद करू नका.

पैशांचं आधी बघा. सत्तरी पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. एका कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. आधारवर कार्ड निघतं, मेडिक्लेम असला तरी निघतं. हॉस्पिटल योजनेत आहे का आणि तुमचं नेमकं ऑपरेशन त्यात बसतं का, हे भरती होण्याआधी तिथल्या आयुष्मान मित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा. चौकशीचा नंबर १४५५५. खासगी मेडिक्लेममध्ये प्रोस्टेटसाठी बऱ्याचदा दोन वर्षांची प्रतीक्षा असते, पॉलिसीच्या बारीक अक्षरांत शोधा.

घरी आल्यावर लघवी गुलाबी राहते, जळजळ काही आठवडे. दहा-पंधरा दिवसांनी खपली पडताना पुन्हा थोडं रक्त दिसतं. पाणी वाढवा, गुठळ्या किंवा अडथळा आला तर हॉस्पिटल गाठा. महिनाभर बादली उचलणं, कुंथणं आणि स्कूटर बंद. टीयूआरपीनंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं आणि लघवीतून निघतं. ते निरुपद्रवी आहे, पण बायकोलाही आधी सांगून ठेवा.

तुकड्याच्या तपासणीचा रिपोर्ट आठवडाभरात येतो. तो आणायला विसरतात लोक! आणा आणि फायलीत लावा. ग्रंथीचा बाहेरचा भाग शिल्लक असतो, त्यामुळे पीएसए पुढेही डॉक्टर सांगतील तसा करत राहायचा.

१०. बाहेर पडताना

आपल्या शहराची एक गोष्ट मान्य करायला हवी: २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवताना बाजारपेठेत वापरता येतील अशी स्वच्छतागृहं झाली. आपल्या रोजच्या रस्त्यावरची माहीत करून ठेवा. रंगपंचमीच्या गेरीला (रंगांच्या मिरवणुकीला) राजवाड्यावर एकदा गर्दीत अडकलात की बाहेर पडणं कठीण. एखाद्या परिचिताच्या गच्चीवरून बघा, जिथे जिना उतरला की संडास आहे.

पुण्या-मुंबईला जाताना रात्रीच्या स्लीपर बसपेक्षा रेल्वे बरी. बसमध्ये संडास नसतो आणि ड्रायव्हर थांबेल तेव्हा थांबेल. रात्रभर धरून ठेवल्यावर सकाळी तुंबण्याचा धोका असतो. मुंबईची अवंतिका एक्सप्रेस असो की पुण्याची गाडी, तिकीट काढताना खालचा बर्थ मागा, जमलं तर दरवाज्याच्या बाजूचा. गोळ्या सामानाच्या बॅगेत नको, खिशात किंवा हातातल्या पिशवीत ठेवा. त्यांच्याबरोबर चालू औषधांची यादी आणि शेवटच्या रिपोर्टचा मोबाइलवर काढलेला फोटो असू द्या.